गोपनीय कागद राहू द्या, गोपनीयतेचा नियम द्या

‘सदर अभिलेख गोपनीय स्वरूपाचे असल्याने माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ चे कलम ८(१)(क) अन्वये माहिती उपलब्ध करून देता येत नाही.’ एवढंच उत्तर होतं. खाली जन माहिती अधिकाऱ्यांची सही, गोल शिक्का, जावक क्रमांक. मी मागितलं होतं ते १९४४ च्या आसपासचं एक दप्तर, इंग्रजांच्या वेळचं.

खानदेशात १९४४ म्हटलं की चिमठाणं. त्या वर्षी १४ एप्रिलला चिमठाण्याजवळ सरकारी खजिना नेणारी गाडी अडवून क्रांतिकारकांनी साडेपाच लाख रुपये नेले. साताऱ्याच्या प्रतिसरकारातले जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी आणि इकडचे डॉ. उत्तमराव पाटील ही नावं आमच्याकडे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतात. मी कॉलेजात इतिहास शिकवते. खजिना नेणाऱ्यांची बाजू आठवणींत, भाषणांत, गावच्या पारावर भरपूर मिळते. मला पाहायची होती ज्यांचा खजिना गेला त्यांची बाजू. दुसऱ्या दिवशी मामलेदाराने वर काय लिहून पाठवलं, आजूबाजूच्या गावांवर कोणता जाच झाला, कुणाकुणाला उचललं, किती दिवसांनी सोडलं. असल्या गोष्टी आठवणींत गोळा होऊन एका वाक्यात बसतात. सरकारी कागदात त्या तारीखवार असतात.

ज्या कार्यालयाने नकार दिला त्याचं नाव घेत नाही. पश्चिम खानदेश जिल्ह्याचा पुढे धुळे झाला, १ जुलै १९९८ ला त्यातून नंदुरबार वेगळा निघाला, आणि माणसांबरोबर कागदांच्याही वाटण्या झाल्या. त्यामुळे माझा अर्ज कलम ६(३) खाली या टेबलावरून त्या टेबलावर हस्तांतरित होत फिरत राहिला. कायदा म्हणतो हस्तांतर ५ दिवसांत करा. ते ५ दिवस कोणत्या पंचांगाचे, हे ज्याने त्याने आपापल्या अनुभवाने ठरवावं.

आमच्या गल्लीतले नाना महसूलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. त्यांना ते पत्र नेऊन दाखवलं. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी पत्र दोनदा वाचलं, मागची कोरी बाजूही पाहिली आणि विचारलं, ‘हाई गोपनीय शे, असं कोनी सांगं?’

पुढचं सगळं प्रकरण या एका प्रश्नातून निघालं.

नानांचं म्हणणं असं की कागद आपोआप गोपनीय होत नाही. कोणीतरी अधिकाऱ्याने, कोणत्यातरी अधिकाराने, कोणत्यातरी तारखेला त्याच्यावर शेरा मारलेला असतो, आणि त्याची कुठेतरी नोंद असते. नोंद नसेल तर तो शेरा म्हणजे नुसती लाल शाई. तेव्हा दप्तर मागत बसू नका. कोणत्या नियमाने ते बंद आहे तो नियम मागा, आणि ज्या वहीत त्याची नोंद आहे ती वही मागा. नियम तर गोपनीय नसेल ना, असं मी म्हटलं. नाना हसले. त्या हसण्याचा अर्थ पुढे दिल्लीच्या पत्रातून कळला. त्याकडे येतेच.

आधी कायद्याचं थोडं, कारण इथे बरेच जण अडकतात. कलम ८(१) मध्ये माहिती नाकारण्याची कारणं दिली आहेत. पण कलम ८(३) सांगतं की २० वर्षांपूर्वी घडलेल्या गोष्टीची माहिती मागितली, तर त्यातली बहुतेक कारणं गळून पडतात. उरतात फक्त तीन: (क), (ग) आणि (झ). (ग) हे विधिमंडळाच्या विशेषाधिकाराचं, (झ) मंत्रिमंडळाच्या कागदांचं. जिल्ह्याच्या कार्यालयाला हाताशी राहतं ते (क), म्हणजे देशाचं सार्वभौमत्व, एकात्मता, सुरक्षा वगैरे. जुना कागद द्यायचा नसेल तर (क) लिहावंच लागतं, दुसरं काही चालत नाही. म्हणून १९४४ च्या खजिन्याच्या कागदाला देशाच्या सुरक्षेचं कलम लागलं. ज्या सरकारची सुरक्षा त्यात होती ते सरकार १९४७ ला बोटीत बसून गेलं, हा मुद्दा मी अपिलात घातला होता. नानांनी तो खोडायला लावला. ‘टोमना मारू नका मॅडम, कलम मारा.’

आणि शासकीय गुपिते कायदा, १९२३? त्याची भीती दाखवणारे टेबलामागे नेहमी भेटतात. माहिती अधिकाराचं कलम २२ स्पष्ट म्हणतं की गुपिते कायद्यात विसंगत काही असलं तरी हाच कायदा वरचढ. कलम ८(२) त्याच्याही पुढे जातं: जाहीर करण्यातलं लोकहित जपायच्या हितापेक्षा मोठं असेल, तर गुपिते कायदा असो की ८(१) मधलं कारण असो, माहिती देता येते. म्हणजे ‘गोपनीय’ हा शेरा नकाराचं कारण होऊच शकत नाही. कारण ८(१) मधलं हवं, आणि ते या कागदाला कसं लागू पडतं हे लिहून दाखवायला हवं.

मी गुपितांच्या विरोधात नाही, हेही सांगून टाकते. वरणगावला आणि भुसावळला ऑर्डनन्स फॅक्टऱ्या आहेत. तिथे कामाला असलेली माणसं आमच्या नात्यात आहेत. लग्नाच्या पंगतीत कोणी त्यांना ‘सध्या काय बनवता’ असं विचारत नाही, आणि विचारलं तरी ते भरताची वांगी कुठून आणली ते सांगतात. ते बरोबरच आहे. दारूगोळ्याचा आराखडा आणि ८० वर्षांपूर्वीच्या मामलेदाराचं पत्र यांना एकाच कपाटात एकाच कुलुपाखाली ठेवलं, की कपाटाचा मान जातो.

तर नवा अर्ज. राज्य सरकारच्या कार्यालयासाठी जोडपत्र ‘अ’, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप. महाराष्ट्रात २०१२ पासून नियम असा की अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत. इतिहासाच्या माणसाला १५० शब्दांत बोलायला सांगणं हा छळच आहे, पण त्या कात्रीने अर्ज सुधारला. ‘का’, ‘कशासाठी’, ‘योग्य आहे काय’ हे सगळं उडालं. तसंही या कायद्याने मिळते ती नोंदलेली माहिती. साहेबांचं मत मागितलं तर ‘प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही’ असं उत्तर ठरलेलं. आमच्याकडे प्रत्येक गोष्टीला पहिला शब्द ‘काबरं?’ असतो, तो गिळायचा आणि ‘कुठे लिहिलंय त्याची प्रत द्या’ म्हणायचं. शेवटी मजकूर उरला तो असा:

‘आपल्या कार्यालयातील अभिलेखांस गोपनीय वर्गवारी देण्याचे अधिकार ज्या आदेशाने, परिपत्रकाने किंवा नियमाने दिले आहेत त्याची प्रत. गोपनीय अभिलेखांच्या नोंदवहीतील सन १९५० पूर्वीच्या नोंदी असलेल्या पानांच्या प्रती, तसेच नोंदवहीची प्रत्यक्ष पाहणी. गोपनीयतेचा फेरआढावा घेतल्याबाबतच्या शेवटच्या टिपणीची प्रत. नष्ट केलेल्या गोपनीय अभिलेखांची यादी व नष्ट करण्याचा आदेश.’

बारनिशीत, म्हणजे आवक टपालाच्या टेबलावर, अर्ज दिला, पोच घेतली. पोचेवर शिक्का नीट उमटला नव्हता, म्हणून पुन्हा मारून घेतला. नानांची ताकीदच होती: ज्या पोचेवर तारीख वाचता येत नाही ती पोच नव्हे.

महिना भरायच्या आत जाडजूड पाकीट आलं. उघडलं तर अभिलेख वर्गीकरणाचे तक्ते! अ, ब, क, ड. ज्यांनी सरकारी कचेरीत काम केलंय त्यांना हे पाठ असतं: ‘अ’ म्हणजे कायम जपायचं, ‘ब’ म्हणजे ३० वर्षं, मग ‘क’, आणि ‘ड’ म्हणजे वर्षभराने रद्दी. कागद किती वर्षं ठेवायचा याचं हे वर्गीकरण. कागद कोणाला दाखवायचा, याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. पण मी ‘वर्गवारी’ म्हटलं होतं, त्यांच्याकडे वर्गवारीचा हा एकच तक्ता होता, तो त्यांनी प्रामाणिकपणे झेरॉक्स करून दिला. पानाला २ रुपये प्रमाणे पैसेही भरून घेतले. बाकीच्या मुद्द्यांपुढे एकच ओळ: ‘गोपनीय शाखेशी संबंधित असल्याने देता येत नाही.’

मला राग आला नाही. उलट तो तक्ता हातात घेऊन पहिल्यांदा जाणवलं की ‘गोपनीय’ कशाला म्हणायचं, याचा लिखित नियम बहुधा त्या इमारतीत कोणाजवळच नाही. शेरे मारणारे पिढ्यान्‌पिढ्या आधीच्या साहेबाचं पाहून मारत आले.

मग नियम असतो कुठे? केंद्र सरकारच्या कार्यालयीन कार्यपद्धतीच्या नियमपुस्तिकेत वर्गीकृत कागदांविषयी लिहिलेलं आहे, आणि ती पुस्तिका कोणालाही वाचता येते. पण तपशिलासाठी ती बोट दाखवते विभागीय सुरक्षा सूचनांच्या पुस्तिकेकडे. ही केंद्रीय गृह मंत्रालयाने काढलेली, १९९४ ची. अतिगुप्त, गुप्त, गोपनीय आणि मर्यादित अशा चार पायऱ्या, कोणता कागद कोणत्या पायरीवर बसवायचा, तो कसा ठेवायचा, कसा पाठवायचा, हे सगळं त्यात. प्रत्येक मंत्रालयाला ती पाळावी लागते, म्हणजे प्रत्येकाकडे प्रत असणार. मी दिल्लीतल्या एका मंत्रालयाकडे ऑनलाइन अर्ज टाकला. केंद्राचं हे सोपं आहे: आरटीआय ऑनलाइन पोर्टल, ३००० अक्षरांची जागा, १० रुपये कार्डाने. कोर्ट फी स्टँप मात्र केंद्राला चालत नाही. टपालाने पाठवायचं तर पोस्टल ऑर्डर लावावी. पोस्टाच्या खिडकीवर १० रुपयांची पोस्टल ऑर्डर मागितली की आतला माणूस हमखास विचारतो, ‘माहितीच्या अधिकाराला का?’ आता त्या कागदाला दुसरं गिऱ्हाईक फारसं उरलेलं नाही.

दिल्लीचं उत्तर वेळेत आलं, इंग्रजीत, मोजक्या ओळींचं. मागितलेली पुस्तिका ही स्वतःच वर्गीकृत दस्तऐवज आहे, सबब कलम ८(१)(क) अन्वये देता येत नाही.

पत्राचा अर्थ सांगितला तेव्हा नाना परत तसेच हसले.

माझ्या विषयात या प्रकाराला जुना दाखला आहे. इंदिरा गांधींच्या निवडणुकीविरुद्धच्या याचिकेत राजनारायण यांनी एक ‘ब्लू बुक’ मागवलं होतं. पंतप्रधान दौऱ्यावर असताना सुरक्षेची व्यवस्था कशी करावी याच्या सूचनांचं ते पुस्तक, अर्थात गुप्त. उत्तर प्रदेश सरकारने ते द्यायला नकार दिला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९७५ च्या त्या निकालात न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी लिहिलं की सरकारी माणसं सार्वजनिक पदावरून जे जे करतात ते जाणून घेण्याचा लोकांना हक्क आहे. माहितीचा अधिकार आपण ज्या निकालांपासून मोजतो त्यांत हा अगदी पहिल्या ओळीत येतो, आणि तो एका गुप्त नियमपुस्तिकेच्या भांडणातून आला. वर्गात हा धडा मी किती वर्षं शिकवतेय. तसलंच पत्र माझ्या नावाने आल्यावर त्याची चव वेगळी लागली.

दिल्लीच्या उत्तरावर पहिलं अपील केलं. केंद्रात त्याला फी नाही. मुद्दे दोनच घेतले. पहिला, कलम ४(१)(ख). कर्मचारी कामकाजासाठी जे नियम, सूचना, नियमपुस्तिका वापरतात त्या कोणी मागायच्या आधीच जाहीर करा, असं त्या १७ मुद्द्यांतला पाचवा मुद्दा सांगतो. दुसरा, कलम १०. पुस्तिकेत खरोखर काही नाजूक असेल, म्हणजे तिजोरीची रचना, पत्रं नेण्या-आणण्याची पद्धत, तर तेवढं काळं करा आणि उरलेलं द्या. निदान अनुक्रमणिका द्या. कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्याला शेरा मारता येतो आणि तो किती वर्षं टिकतो, हे कळल्याने शत्रूचा काय फायदा?

हा प्रश्न माझ्या डोक्यातून आलेला नाही. वीरप्पा मोईली यांच्या अध्यक्षतेखालच्या दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने जून २००६ मध्ये पहिलाच अहवाल माहितीच्या अधिकारावर दिला. त्यात या सुरक्षा सूचनांवर चर्चा आहे आणि त्या बदलाव्यात अशी शिफारस आहे. माहिती अधिकारातून जे वगळलं आहे तेवढ्यालाच गोपनीय म्हणा. अतिगुप्त शेरा सहसचिवाच्या खालच्याने मारू नये. अतिगुप्त आणि गुप्त कागद जास्तीत जास्त ३० वर्षं, गोपनीय आणि मर्यादित १० वर्षं, त्यापलीकडे नाही. अहवाल सरकारच्याच संकेतस्थळावर आहे. मी त्याची पानं अपिलाला जोडली. अपील फेटाळलं गेलं. आदेश सभ्य भाषेत होता, अनुक्रमणिकेबद्दल मात्र त्यात एक अक्षर नव्हतं. मग केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरं अपील, ९० दिवसांच्या मुदतीत. त्यात सगळं सोडून दिलं आणि फक्त अनुक्रमणिका मागितली. ते अजून रांगेत आहे.

इकडे जिल्ह्यातलं पहिलं अपील. जोडपत्र ‘ब’, २० रुपयांचा स्टँप. सुनावणी साहेबांच्या दालनात, दुपारी, वीज गेलेली. अपिलीय अधिकारी, जन माहिती अधिकारी, त्यांच्या मागे फाइल धरून एक तरुण कारकून, आणि मी. नाना बाहेर बाकावर. ‘आत मी नको, माले पाह्यनं की त्यास्ले मना जुना इन्क्रिमेंट आठवस,’ म्हणाले.

जन माहिती अधिकारी भले गृहस्थ होते. त्यांनी सरळ सांगितलं, ‘साहेब, मी इथे बदलून आलो तेव्हापासून ते कपाट गोपनीय शाखेकडेच आहे. आधीपासून तसंच चालत आलंय.’

‘पण आदेश कोणता?’ साहेबांनी विचारलं.

‘आदेश म्हणजे... परंपरेने.’

मी कलम १९(५) ची छापील प्रत पुढे ठेवली. नकार योग्य होता हे सिद्ध करायची जबाबदारी नाकारणाऱ्याची, अर्जदाराची नाही. इतक्या अपिलांविषयी ऐकलं, वाचलं, पण हे कलम फार थोडे लोक वापरताना दिसतात. सगळे आपणच बाजू सिद्ध करायला बसतात, पुरावे गोळा करतात, भाषण करतात. त्या दालनात मी बोलले असेन जेमतेम दोन मिनिटं. उरलेला वेळ साहेब त्यांच्याच माणसाला प्रश्न विचारत होते. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ चा मी उल्लेख केला तेव्हा साहेबांनी कारकुनाकडे पाहिलं, कारकुनाने जन माहिती अधिकाऱ्यांकडे पाहिलं.

या अभिलेख कायद्याबद्दल दोन ओळी लिहायलाच हव्यात, कारण खरी गाठ तिथे आहे. केंद्राचा सार्वजनिक अभिलेख कायदा १९९३ चा, राज्याचा त्याच धर्तीवर २००५ चा. केंद्राच्या कायद्यात अभिलेख अधिकाऱ्याच्या कामांत वर्गीकृत कागदांचा ठरावीक काळाने आढावा घेऊन त्यांची गोपनीयता उतरवणं हे एक काम आहे. १९९७ च्या नियमांप्रमाणे दर पाचव्या वर्षी, आणि हा आढावा घेणारा अवर सचिवाच्या खालचा नको. आता याच कायद्याचं कलम १० पाहा: गोपनीयतेचा शेरा असलेला कागद पुराभिलेखागाराकडे पाठवायचा नाही. म्हणजे शेरा उतरल्याशिवाय कागद अभ्यासकांपर्यंत जायचा नाही, आणि शेरा उतरवायला कोणी बसलेलं नाही. कागद तिथेच राहतो, वाळवी लागेपर्यंत. इतिहासाचं जितकं नुकसान मुद्दाम लपवण्याने झालं असेल, त्याहून जास्त या न झालेल्या आढाव्यांनी झालंय असं माझं मत आहे. कायद्याविरुद्ध कागद नष्ट केला तर ५ वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. पण वाळवीवर गुन्हा कोण दाखल करणार!

आदेश माझ्या बाजूने निम्मा झाला. नियमाची प्रत ‘आढळून येत नाही’. आढाव्याची टिपणी ‘आढळून येत नाही’. नोंदवहीची पाहणी मात्र करू द्यावी. नाना म्हणाले, नोंदवही मिळाली म्हणजे बठ्ठं, सगळंच मिळालं.

पाहणीचा दिवस मेमधला निघाला. खानदेशातला मे आणि वर पत्र्याची रेकॉर्ड रूम. ज्याला ठाऊक आहे त्याला सांगायची गरज नाही. पहिला तास पाहणी फुकट असते. कारकुनाने टेबल पुसून दिलं, स्वतःच्या माठातलं पाणी दिलं आणि नोंदवही आणून ठेवली. जाड पुठ्ठा, पाठीला मळकं कापड, कोपरे झिजून गोल झालेले. रकाने हाताने आखलेले: अनुक्रमांक, विषय, पृष्ठे, कोणाकडून, शेरा. सुरुवातीची पानं मोडी वळणाच्या देवनागरीत आणि मधून मधून इंग्रजीत, शाई तपकिरी झालेली.

काय काय गोपनीय होतं! कर्मचाऱ्यांचे गोपनीय अहवाल पानोपानी, ज्यांतली बहुतेक माणसं आता हयातही नसतील. निनावी तक्रारी. सणासुदीच्या बंदोबस्ताचा पत्रव्यवहार. एका शिपायाच्या दुसऱ्या लग्नाबाबतचं पत्र, आणि त्याच विषयावर त्यानेच दिलेला खुलासा. एका नोंदीत विषय होता, ‘गोपनीय कपाटाची दुसरी किल्ली हरवलेबाबत’. तीसुद्धा गोपनीय. मी हसले तर कारकुनाने वाकून पाहिलं आणि तोही हसला. मग म्हणाला, ‘मॅडम, ती किल्ली अजून सापडेल नही.’

आणि मग ती ओळ. ‘सन १९४२ ते ४५, राजकीय संकीर्ण, रुमाल १.’ रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. पृष्ठांच्या रकान्यात आकडा पुसट. शेऱ्याच्या रकान्यात वेगळ्या हाताने, निळ्या शाईत: ‘मुंबई दप्तराकडे रवाना’, खाली सही आणि साठच्या दशकातली तारीख.

मी जन माहिती अधिकाऱ्यांना बोलावलं. त्यांनी ओळीवर बोट ठेवून वाचलं, पान मागे-पुढे उलटून पाहिलं.

‘म्हणजे हे आमच्याकडे नाहीच की.’

‘नाहीच,’ मी म्हटलं. ‘पण तुम्ही ते देशाच्या सुरक्षेसाठी नाकारलं होतं.’

त्यावर त्यांनी चहा मागवला.

त्या पानाची साक्षांकित प्रत घेतली. ती दोन रुपयांची प्रत या सगळ्या खटाटोपातली सर्वांत मोलाची. तिच्यामुळे एका जिल्हा कार्यालयाच्या नकारावर आयोगापर्यंत भांडत बसायचं वाचलं, आणि शोध कुठे वळवायचा ते कळलं.

मुंबईला महाराष्ट्र शासनाचं पुराभिलेख संचालनालय एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. स्वातंत्र्यापूर्वीच्या गृह विभागाच्या ‘स्पेशल’ फायली तिथे अभ्यासक नेहमी पाहतात. ओळखपत्र आणि संस्थेचं पत्र दिलं की वाचनकक्षात बसता येतं. कोणी कलम ८ काढत नाही. तसेच दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात प्रांतांचे पंधरवडी अहवाल आहेत, आणि ‘अभिलेख पटल’ या पोर्टलवर कितीतरी फायली घरबसल्या वाचता येतात. ज्या काळातल्या हालचालींचा गुप्त अहवाल व्हाइसरॉयच्या सरकारकडे जायचा तो अहवाल आज मी जेवणानंतर मोबाइलवर वाचू शकते, आणि त्याच काळातला तालुक्याचा कागद मात्र सुरक्षेसाठी बंद. कुठेतरी पायऱ्या उलट्या लागल्या आहेत.

आमचा रुमाल त्या नावाने मुंबईच्या यादीत नाही. जिल्ह्यांतून आलेले रुमाल तिथे सोडून विषयवार लावले असतील, तर पोटविषयांनी शोधावं लागेल. पोलीस, खजिना, सामुदायिक दंड, अटक असे शब्द धरून याद्या चाळणं चालू आहे. दिवाळीच्या सुटीत पुन्हा जाऊन बसायचा बेत आहे.

परवा त्या तरुण कारकुनाचा फोन आला. पाहणीच्या दिवशी मी त्याला नंबर देऊन आले होते. त्यांच्याकडे वरून दप्तर तपासणी लागली होती आणि गोपनीय कपाटाचा आढावा घ्या असं साहेबांनी सांगितलं होतं. तो म्हणाला, ‘मॅडम, तो तुमना अभिलेख कायदाना कागद व्हॉट्सॅपवर धाडा ना. साहेब मांगी ऱ्हायनात. आमनाकडे तो नही शे.’

मी पीडीएफ पाठवली. पाच मिनिटांनी त्याचा मेसेज आला: यात आढावा घ्यायचा नमुना कोणत्या पानावर आहे?